उलटून येणारा ताप : गोचीड, ऊ आणि वाशीमच्या दवाखान्यापुढचा प्रश्न

प्रश्न कोणता?

पावसाळा मध्यावर आला की वाशीम जिल्ह्यातल्या आरोग्य केंद्रांत तापाच्या रुग्णांची रांग लांबते. कुणी सोयाबीनच्या निंदणाहून येतो, कुणी गोठ्यातून, कुणी वसतिगृहातून. मलेरियाची तपासणी होते, डेंगीची होते, टायफॉइडसाठी विडाल चाचणी होते. तिन्हींतून काही निघाले नाही तर केसपेपरवर बहुधा ‘विषाणूजन्य ताप’ असे लिहून रुग्णाला गोळ्या दिल्या जातात. यातले बरेच जण खरोखर बरे होतात. काहींचा ताप मात्र चार-पाच दिवसांनी उतरतो, माणूस कामाला लागतो आणि आठवड्याभरात ताप उलटतो.

ताप उलटण्याची कारणे अनेक आहेत. व्हायव्हॅक्स मलेरिया यकृतात दडून राहून पुन्हा डोके वर काढतो. टायफॉइडवरचे औषध अर्धवट सोडले तर तोही परततो. या यादीतले एक जुने नाव आज जवळजवळ विस्मरणात गेले आहे, ते म्हणजे पुनरावर्ती ताप. तो उवांमुळे पसरतो आणि एका विशिष्ट जातीच्या गोचिडांमुळेही. महाराष्ट्राच्या वैद्यकीय इतिहासात त्याला मोठी जागा आहे.

वाशीममध्ये या तापाची साथ चालू आहे, असा या लेखाचा दावा नाही. गोचीड, ऊ आणि ताप यांच्या नात्याबद्दल वैद्यकशास्त्राला काय पक्के ठाऊक आहे, कशावर मतभेद आहेत आणि वऱ्हाडातल्या दवाखान्यात त्यातले काय उपयोगी पडेल, हे क्रमाने पाहायचे आहे.

पार्श्वभूमी : मुंबई आणि नाशिक

बर्लिनमधले तरुण डॉक्टर ओटो ओबरमायर यांना १८६८ मध्ये पुनरावर्ती तापाच्या रुग्णांच्या रक्तात नागमोडी, वळवळणारे जंतू दिसले. त्यांनी ते १८७३ मध्ये जाहीर केले आणि त्याच वर्षी कॉलऱ्याने त्यांचा मृत्यू झाला. माणसाच्या रक्तात रोगाचा जंतू प्रत्यक्ष दिसल्याच्या अगदी सुरुवातीच्या उदाहरणांपैकी हे एक आहे.

काही वर्षांतच हाच जंतू मुंबईत दिसला. १८७६ ते १८७८ या काळात दख्खनमध्ये भीषण दुष्काळ पडला. उपाशी माणसांचे लोंढे मुंबईकडे निघाले आणि त्यांच्याबरोबर तापही शहरात आला. ग्रँट मेडिकल कॉलेज आणि जे. जे. रुग्णालयात काम करणारे हेन्री व्हॅनडाइक कार्टर यांनी १८७७ मध्ये या रुग्णांच्या रक्तात ते जंतू पाहिले. ‘ग्रेज अॅनाटॉमी’ या जगप्रसिद्ध ग्रंथातली चित्रे काढणारे कार्टर ते हेच. रुग्णाचे रक्त टोचून त्यांनी माकडांमध्येही हा रोग निर्माण करून दाखवला. पश्चिम भारतातल्या या तापावरचा त्यांचा ग्रंथ १८८२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या शीर्षकातच या रोगाला ‘दुष्काळी ताप’ असे पर्यायी नाव दिलेले होते. भारतात आढळणाऱ्या जंतूला पुढे बराच काळ कार्टर यांच्या नावाने ओळखले गेले.

जंतू सापडला, पण तो एका माणसाकडून दुसऱ्याकडे कसा जातो, हे कळायला आणखी तीस वर्षे लागली. १९०४ मध्ये युगांडात रॉस आणि मिल्न यांनी, तर १९०५ मध्ये कांगोत डटन आणि टॉड यांनी आफ्रिकेतला पुनरावर्ती ताप गोचिडांमुळे पसरतो हे दाखवले. या संशोधनातच डटन यांना तो ताप जडला आणि त्यांचा मृत्यू झाला.

उवांचा दुवा मात्र नाशिकमध्ये जुळला. १९०७ मध्ये इंडियन मेडिकल सर्व्हिसमधले पर्सी मॅकी यांच्यापुढे नाशिकच्या एका मिशन वसाहतीतली साथ आली. मुलांच्या वसतिगृहात बहुसंख्य मुले आजारी पडली होती, तर मुलींपैकी सुमारे एक-तृतीयांशच. दोघांचे अन्न सारखे, पाणी सारखे, हवाही सारखीच. फरक होता कपड्यांतल्या उवांचा. मुलांच्या कपड्यांत उवा खूप होत्या आणि त्या उवांच्या पोटात नागमोडी जंतू सापडण्याचे प्रमाणही मुलींकडच्या उवांपेक्षा बरेच जास्त होते. याच मॅकींनी पुढे मुंबईच्या हाफकिन संस्थेचे संचालकपद सांभाळले.

राहिलेला तपशील १९१२ मध्ये ट्युनिसमध्ये शार्ल निकोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भरून काढला. ऊ नुसती चावल्याने रोग होत नाही. ती चिरडली गेली की तिच्या अंगातला द्रव खाजवलेल्या त्वचेतून आत शिरतो आणि रोग होतो. दुसऱ्या महायुद्धानंतर कीटकनाशके आणि प्रतिजैविके आली, साबण आणि बदलायला कपडे मिळू लागले, आणि उवांचा ताप जगाच्या बहुतेक भागातून ओसरला. आज तो मुख्यतः इथिओपिया आणि आफ्रिकेच्या शिंगाच्या परिसरात टिकून आहे.

एक रोग, दोन वाटा

हा ताप आणणारे जंतू बोरेलिया वंशातले आहेत. उवांमार्फत पसरतो तो बोरेलिया रिकरेंटिस. त्याचा साठा फक्त माणसात असतो. ऊ माणसाच्या नेहमीच्या तापमानाला सरावलेली असते. अंग तापाने फणफणले किंवा मृत्यूनंतर गार पडले की ती ते सोडून दुसऱ्या माणसाकडे जाते. म्हणूनच गर्दी, थंडी, एकाच जोडीतले कपडे आणि पाण्याची टंचाई एकत्र आली की साथ भडकते.

इथे एक फरक नीट लक्षात घ्यायला हवा. शाळकरी मुलींच्या केसांत दिसणारी डोक्यातली ऊ वेगळी आणि कपड्यांच्या शिवणीत राहणारी अंगावरची ऊ वेगळी. साथींशी सिद्ध संबंध आहे तो अंगावरच्या उवेचा. इथिओपियात डोक्यातल्या उवांमध्येही या जंतूचा जनुकीय अंश आढळला आहे, पण तेवढ्यावरून त्या रोग पसरवतात असे ठरत नाही. मुलीच्या डोक्यात उवा झाल्या म्हणून आईने या तापाची धास्ती घेण्याचे कारण नाही.

दुसरी वाट गोचिडांची. हा ताप पसरवणारे गोचीड ऑर्निथोडोरस वंशातले, मऊ अंगाचे असतात. ते गुहा, मातीची घरे, गोठ्याच्या भिंतींतल्या भेगा, उंदरांची बिळे अशा ठिकाणी राहतात. रात्री बाहेर येतात, बहुधा अर्ध्या तासाच्या आत रक्त पिऊन परत जातात, आणि चावल्याचे माणसाला कळतही नाही. रक्त न मिळता ते वर्षानुवर्षे जगू शकतात. त्यामुळे एकाच घरात वर्षांच्या अंतराने रुग्ण सापडू शकतात.

वाशीमच्या शेतकऱ्याला रोज दिसणारा गोचीड यापेक्षा वेगळा. बैलाच्या कानाला, म्हशीच्या कासेला, कुत्र्याच्या मानेला दिवसेंदिवस चिकटून फुगणारे ते कठीण पाठीचे गोचीड. त्यांच्यामुळे माणसाला होणारे आजार वेगळे आहेत आणि पुढे दिसेल त्याप्रमाणे वऱ्हाडात आज तेच अधिक महत्त्वाचे आहेत. कोंबड्यांच्या खुराड्यात मऊ अंगाचा एक गोचीड सापडतो, पण तो कोंबड्यांना आजारी पाडतो, माणसाला पुनरावर्ती ताप देत नाही. भारतात माणसाला हा ताप देणारे गोचीड जुन्या नोंदींत काश्मीर आणि वायव्येच्या कोरड्या भागाशी जोडलेले आहेत.

लक्षणे : काय पाहायचे

जंतू अंगात शिरल्यावर साधारण आठवड्याने ताप येतो. हा काळ ४ ते १८ दिवसांपर्यंत असू शकतो. सुरुवात अचानक होते. थंडी वाजून ३९ ते ४१ अंश सेल्सिअसपर्यंत ताप चढतो, डोके असह्य दुखते, पोटऱ्या आणि सांधे ठणकतात, मळमळ होते. उवांच्या तापात कावीळ, प्लीहा वाढणे, नाकातून रक्त येणे, त्वचेखाली रक्ताचे ठिपके दिसणे हे अधिक आढळते.

पहिला झटका गोचिडांच्या प्रकारात साधारण तीन दिवस टिकतो, उवांच्या प्रकारात पाच-सहा दिवस. मग ताप एकदम उतरतो आणि ही उताराची वेळ धोक्याची असते. आधी हुडहुडी भरून ताप आणखी चढतो, नंतर दरदरून घाम फुटून रक्तदाब घसरतो. त्यानंतर सुमारे सात ते नऊ दिवस रुग्ण बरा असतो आणि ताप पुन्हा येतो. उवांच्या प्रकारात असे एखाद-दुसरे आवर्तन होते, गोचिडांच्या प्रकारात अनेक होऊ शकतात.

ताप परतण्याचे कारण आता चांगले समजले आहे. शरीर जंतूच्या बाहेरच्या प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते आणि बहुतेक जंतू मरतात. पण थोड्या जंतूंनी तोवर आपले बाह्य प्रथिन बदललेले असते. प्रतिपिंडांना ते ओळखू येत नाहीत, ते वाढतात आणि ताप पुन्हा चढतो.

उपचार न मिळाल्यास उवांच्या तापात १० ते ४० टक्के रुग्ण दगावतात. दुष्काळ आणि युद्धाच्या साथींत हे प्रमाण त्याहूनही वर गेले होते. वेळेवर उपचार मिळाले तर ते २ ते ५ टक्क्यांवर येते. गोचिडांचा प्रकार तुलनेने सौम्य असला तरी त्यात मेंदू, नसा आणि डोळे बाधित होऊ शकतात. गर्भवतींना दोन्ही प्रकारांत धोका मोठा असतो. गर्भपात, मृतजन्म आणि नवजाताला संसर्ग या तिन्ही गोष्टी नोंदल्या गेल्या आहेत.

वऱ्हाडातले शेजारी आजार

वाशीम १ जुलै १९९८ पर्यंत अकोला जिल्ह्याचाच भाग होता आणि गंभीर रुग्ण आजही अकोल्याला हलवले जातात. म्हणून अकोल्यातला वैद्यकीय अनुभव वाशीमलाही लागू पडतो.

हा अनुभव मुख्यतः रिकेट्सिया गटाच्या जंतूंमुळे येणाऱ्या तापांचा आहे. कुत्र्यांवरच्या कठीण पाठीच्या गोचिडांतून येणारा ‘इंडियन टिक टायफस’ म्हणजेच गोचीडताप बराच काळ भारतात दुर्मीळ समजला जाई. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेतल्या संशोधकांनी १९८० च्या दशकात पुणे जिल्ह्यातल्या गोचीडजन्य रिकेट्सियांवर काम प्रसिद्ध केले. २०१० आणि २०११ मध्ये अकोल्यातल्या बालरोगतज्ज्ञांनी ‘इंडियन पेडिअॅट्रिक्स’मध्ये या तापांवर लेख लिहिले. लहान गावातही हा आजार लवकर ओळखता यावा म्हणून त्यांनी लक्षणांना गुण देण्याची पद्धत सुचवली. ग्रामीण वास्तव्य, घरात पाळीव जनावर, गोचिडांशी संपर्क, तळहात-तळपायांवर पुरळ, पायांवर सूज, प्लेटलेट आणि सोडियम कमी होणे अशा गोष्टींना त्यात गुण आहेत. या कामाचे मोल असे की महागड्या तपासणीची वाट न पाहता डॉक्टरने रुग्णाला नेमके काय विचारायचे आणि कुठे पाहायचे, हे त्यातून ठरते.

दुसरा शेजारी स्क्रब टायफस. तो गोचिडाने किंवा उवेने येत नाही, तर गवत-झुडपांतल्या चिगर नावाच्या अतिसूक्ष्म अळीमुळे होतो. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर आणि आसपासच्या विदर्भात त्याचा उद्रेक झाला आणि माणसे दगावली. अळी चावते तिथे कधी कधी सिगारेटचा चटका बसल्यासारखा काळा डाग पडतो. तो काखेत, जांघेत, स्तनाखाली, कमरेच्या नाडीखाली दडलेला असतो, म्हणून कपडे काढून तपासल्याशिवाय दिसत नाही.

याशिवाय मलेरिया, डेंगी, लेप्टोस्पायरोसिस आणि टायफॉइड आहेतच. फरक तापाच्या चालीत असतो. व्हायव्हॅक्स मलेरियात ताप बहुधा दिवसाआड चढतो. डेंगीत तो उतरून एक-दोन दिवसांत पुन्हा येऊ शकतो. लेप्टोमध्ये पोटऱ्या ठणकतात, डोळे लाल होतात आणि पाण्या-चिखलाशी संपर्क झालेला असतो. अनेक दिवस सलग ताप, मग सुमारे आठवडाभराची पूर्ण मोकळीक आणि पुन्हा तसाच ताप, ही चाल पुनरावर्ती तापाची. पण पहिल्याच झटक्यात रुग्ण आला तर या चालीचा उपयोग होत नाही. पेचाचे मूळ तिथेच आहे.

दोन मते : संपला की नजरेआड गेला?

पहिले मत असे की दख्खनमधून हा ताप संपला. त्यामागची कारणे भक्कम आहेत. अंगावरच्या उवा आता क्वचित दिसतात. १८७७ सारखे दुष्काळी लोंढे राहिलेले नाहीत. माणसाला हा ताप देणाऱ्या गोचिडांचे भारतातले सिद्ध क्षेत्र वायव्येकडे आहे. मलेरिया कार्यक्रमात दशकानुदशके रक्ताच्या असंख्य काचपट्ट्या तपासल्या गेल्या आणि नागमोडी जंतू असते तर ते कुणाच्या तरी नजरेस पडले असते. म्हणून मर्यादित साधने असलेल्या जिल्ह्याने आपले लक्ष मलेरिया, डेंगी, स्क्रब टायफस आणि गोचीडतापावर ठेवावे, असे या मताचे लोक म्हणतात.

दुसरे मत सावधगिरीचे आहे. काचपट्टीची जागा झटपट तपासणीची पट्टी घेत आहे आणि ती पट्टी मलेरियाशिवाय दुसरे काही दाखवत नाही. रक्तपेशी मोजणारी यंत्रे आल्यापासून माणसाने सूक्ष्मदर्शकातून रक्त पाहणे कमी झाले. डॉक्सिसायक्लिन किंवा सेफ्ट्रिअॅक्सोन आधीच सुरू झालेले असेल तर जंतू दिसण्यापूर्वीच नाहीसे होतात. रिकेट्सियाचा दाखला या बाजूला बळ देतो. तोही दुर्मीळ समजला जाई, आणि शोधायला लागल्यावर सापडला. २०१५ मध्ये युरोपात आलेल्या आफ्रिकी निर्वासितांमध्ये उवांचा पुनरावर्ती ताप आढळला, तोही बऱ्याचदा मलेरियासाठी घेतलेल्या काचपट्टीवर. डॉक्टरांच्या एका संपूर्ण पिढीने न पाहिलेला आजार स्थलांतराबरोबर परत येऊ शकतो, हे त्यातून दिसले.

दोन्ही मतांचा तोल पाहिला तर एक गोष्ट स्पष्ट होते. वाशीमच्या एखाद्या रुग्णाचा ताप गोचिडाशी जोडलेला असेल तर तो रिकेट्सियाचा असण्याची शक्यता पुनरावर्ती तापापेक्षा कितीतरी जास्त आहे. म्हणून हा आजार संशयितांच्या यादीत असावा, पण खालच्या क्रमावर. मात्र रुग्ण काश्मीर, राजस्थानचा वाळवंटी भाग, पश्चिम आशिया किंवा पूर्व आफ्रिकेतून परतला असेल, गुहेत किंवा पडक्या घरात झोपला असेल, अथवा त्याच्या कपड्यांत उवा असतील तर हा क्रम बदलायला हवा.

निदान : जुनी काचपट्टी आणि नवी तंत्रे

निदानाचा आधार आजही रक्ताची काचपट्टी हाच आहे. ताप चढलेला असताना रक्त घेऊन, जाड आणि पातळ थर करून, गिम्सा किंवा लीशमन रंगाने रंगवून पाहिले तर लालपेशींच्या मधे नागमोडी धागे दिसतात. पहिल्या झटक्यात सुमारे ७० टक्के रुग्णांत ते सापडतात. ताप नसताना रक्तात जंतू इतके कमी असतात की काचपट्टी नकारात्मक येते. उवांच्या तापात ते सहसा भरपूर असतात, गोचिडांच्या तापात विरळ असू शकतात. म्हणून एका नकारात्मक काचपट्टीने आजार नाकारता येत नाही. पुढच्या तापात पुन्हा रक्त पाहावे लागते.

पीसीआर अधिक संवेदनशील आहे आणि जंतूची जातही सांगतो, पण तो मोठ्या प्रयोगशाळांतच होतो. प्रतिपिंडांच्या तपासण्यांवर फारशी भिस्त ठेवता येत नाही, कारण त्या लाइम रोग आणि सिफिलिस यांच्या जंतूंशीही जुळतात. वील-फेलिक्स ही जुनी, स्वस्त चाचणी तर दिशाभूल करू शकते. तिचा ओएक्स-के हा भाग स्क्रब टायफससाठी पाहतात, पण पुनरावर्ती तापाच्या काही रुग्णांतही तो वाढतो.

मतभेद आहे तो इथे की ग्रामीण पातळीवर भर कशावर द्यावा. झटपट पट्टी आशाताईला गावातच वापरता येते, उत्तर काही मिनिटांत मिळते आणि मलेरियाचा उपचार त्याच दिवशी सुरू होतो. हा फायदा सोडावा असे कुणीच म्हणत नाही. काचपट्टीच्या बाजूने बोलणाऱ्यांचे म्हणणे इतकेच की झटपट पट्टी नकारात्मक आणि ताप कायम, अशा रुग्णाचे रक्त प्रशिक्षित डोळ्यांनी एकदा तरी पाहिले जावे. खर्च किरकोळ आहे. लागतो तो वेळ आणि सराव.

उपचार : काय ठरले, काय नाही

औषधे जुनी, स्वस्त आणि सरकारी दवाखान्यात मिळणारी आहेत. उवांच्या तापात डॉक्सिसायक्लिन १०० ते २०० मिलिग्रॅमची किंवा टेट्रासायक्लिन ५०० मिलिग्रॅमची एकच मात्रा बहुधा पुरते. प्रोकेन पेनिसिलिनचे इंजेक्शन हा पर्याय आहे. गोचिडांच्या तापात एका मात्रेने ताप उलटतो, म्हणून डॉक्सिसायक्लिन १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, ७ ते १० दिवस देतात. मेंदूला बाधा असेल तर शिरेतून पेनिसिलिन किंवा सेफ्ट्रिअॅक्सोन १० ते १४ दिवस द्यावे लागते. गर्भवतींसाठी पेनिसिलिन किंवा इरिथ्रोमायसिन वापरतात. आठ वर्षांखालील मुलांना डॉक्सिसायक्लिन देऊ नये हा जुना दंडक थोड्या दिवसांच्या वापरापुरता आता सैल झाला आहे, कारण तेवढ्याने दातांवर डाग पडत असल्याचे दिसत नाही.

खरा वाद पहिल्या मात्रेनंतरच्या काही तासांचा आहे. औषधाने एकदम असंख्य जंतू मरतात आणि एक ते चार तासांत तीव्र प्रतिक्रिया उमटू शकते. हुडहुडी भरते, ताप भडकतो, श्वास वाढतो आणि मग रक्तदाब कोसळतो. या यारिश-हर्क्सहायमर प्रतिक्रियेत रुग्ण दगावूही शकतो. टेट्रासायक्लिन गटाने जंतू झपाट्याने नाहीसे होतात आणि ताप सहसा उलटत नाही, पण ही प्रतिक्रिया अधिक दिसते. पेनिसिलिनने जंतू हळू मरतात, प्रतिक्रिया सौम्य पण लांबलेली असू शकते, आणि ताप परतण्याची शक्यता वाढते. काही तज्ज्ञ खात्रीचा परिणाम म्हणून पहिला मार्ग पसंत करतात, तर काही अशक्त रुग्णात दुसरा.

ही प्रतिक्रिया रोखण्याचे प्रयत्नही झाले. स्टेरॉइडने ती थांबली नाही. १९९६ मध्ये अदिस अबाबातल्या एका अभ्यासात, टीएनएफ या दाहकारक द्रव्याला अडवणारी प्रतिपिंडे आधी दिल्यावर तिचे प्रमाण घटले. पण हा उपाय सामान्य रुग्णालयाच्या आवाक्यात आलेला नाही. त्यामुळे व्यवहारात उरते ती देखरेख. पहिली मात्रा दवाखान्यातच द्यावी, काही तास रक्तदाब आणि नाडी पाहावी, शिरेतून द्रव देण्याची तयारी ठेवावी आणि पहिल्या दिवशी रुग्णाला एकदम उठून उभे राहू देऊ नये. हृदयाच्या स्नायूला सूज असू शकते, म्हणून शक्य तिथे ईसीजी काढावा.

वऱ्हाडासाठी एक गोष्ट दिलासा देणारी आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१५ च्या मार्गदर्शिकेनुसार रिकेट्सियाचा संशय असेल तर अहवालाची वाट न पाहता डॉक्सिसायक्लिन सुरू करायचे असते. प्रौढांना दिवसाला २०० मिलिग्रॅम दोन भागांत, आणि गर्भवतींना अॅझिथ्रोमायसिन. याच डॉक्सिसायक्लिनने पुनरावर्ती तापही बरा होतो. याची दुसरी बाजू अशी की दोन आजारांना एकच औषध लागू पडले की नेमका आजार कोणता होता, हे नोंदवायचे राहून जाते. तीव्र स्क्रब टायफससाठी शिरेतून डॉक्सिसायक्लिन आणि अॅझिथ्रोमायसिन एकत्र देणे अधिक परिणामकारक असल्याचे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय चाचणीने दाखवले. पुनरावर्ती तापाला हा निष्कर्ष आपोआप लावता येत नाही.

प्रतिबंध

उवांसाठी उपाय सोपे आहेत. कपडे आणि अंथरूण किमान ५४ अंशांच्या गरम पाण्यात धुवावे, शिवणींवर इस्त्री फिरवावी, किंवा कपडे आठवडाभर न वापरता बांधून ठेवावे. माणसाच्या अंगापासून दूर अंगावरची ऊ तेवढे दिवस जगत नाही. खेड्यात ऊ नखावर चिरडण्याची सवय आहे, ती सोडायला हवी. निकोल यांच्या प्रयोगांनी नेमका तोच मार्ग धोक्याचा ठरवला आहे. फणीने काढलेल्या उवा गरम पाण्यात टाकाव्यात.

गोचिडांसाठी गोठ्याच्या भिंती आणि भेगा लिंपून घ्याव्यात, उंदरांचा बंदोबस्त करावा, जनावरांवर पशुवैद्यकाच्या सल्ल्याने औषध मारावे आणि घरच्या कुत्र्याकडे दुर्लक्ष करू नये. अंगाला चिकटलेला गोचीड बोटांनी ओढू किंवा चिरडू नये. चिमट्याने त्वचेलगत पकडून सरळ वर खेचावा आणि जागा साबणाने धुवावी.

गोचीड चावल्यावर आधीच औषध घ्यावे का, यावर एक चांगला अभ्यास आहे. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात इस्रायली सैनिकांना गोचिडांशी संपर्क आल्यावर पाच दिवस डॉक्सिसायक्लिन दिले गेले. औषध घेतलेल्यांपैकी कुणालाही हा ताप आला नाही, न घेतलेल्यांपैकी दहा जणांना आला. पण तो परिसर या तापासाठी ओळखला जाणारा होता. वाशीममध्ये गोचीड चावलेल्या प्रत्येकाला गोळ्या देण्याचा आधार त्यातून मिळत नाही.

अजून न सुटलेले

चार प्रश्न उरतात. पहिला कीटकांचा. पश्चिम विदर्भातल्या जुन्या गढ्या, गुहा आणि मातीच्या घरांत मऊ अंगाचे कोणते गोचीड आहेत आणि त्यांच्यात बोरेलिया आहे का, याचे पद्धतशीर सर्वेक्षण हवे. दुसरा रुग्णांचा. मलेरिया-डेंगी नकारात्मक आलेल्या तापाच्या रुग्णांचे रक्त बोरेलियासाठी तपासले तर अंदाजांची जागा पुरावा घेईल. तिसरा नोंदणीचा. राष्ट्रीय कीटकजन्य रोग कार्यक्रमात मलेरिया, डेंगी, चिकुनगुनिया, हत्तीरोग, काळा आजार आणि जपानी मेंदूज्वर हे सहा आजार आहेत. पुनरावर्ती ताप त्यात नाही, म्हणून सापडलेला एखादा रुग्णही आकड्यांत दिसेलच असे नाही. चौथा प्रश्न स्थलांतराचा. ऊसतोडीला आणि वीटभट्टीवर जाणारी कुटुंबे महिनोन्‌महिने पालांत राहतात, जिथे धुण्याला पाणी कमी आणि जागा अपुरी असते. त्यांच्या आरोग्याची पाहणी झाली तर या तापापलीकडेही बरेच हाती लागेल.

या कामासाठी आता जिल्ह्यातच आधार उभा राहतो आहे. वाशीमचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२४ मध्ये सुरू झाले. तिथल्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागाने जिल्ह्यातल्या न ओळखलेल्या तापांचा अभ्यास हाती घेतला तर वरच्या पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे जिल्ह्याबाहेर न जाता मिळू शकतील.

निष्कर्ष

आजच्या पुराव्यावरून पुनरावर्ती ताप हा वाशीमचा मोठा आरोग्यप्रश्न ठरत नाही. गोचीडताप आणि स्क्रब टायफस मात्र आहेत, आणि ते वेळेत ओळखले नाहीत तर जीव जातो. या तिन्हींना ओळखण्याची वाट सारखीच आहे. रुग्णाला जनावरे, गोचीड, उवा आणि प्रवासाबद्दल विचारायचे, कपडे बाजूला करून त्वचा नीट पाहायची, ताप चढलेला असताना काचपट्टी घ्यायची, आणि संशय पक्का झाला की डॉक्सिसायक्लिनला उशीर करायचा नाही.

वाचकांना सांगणे इतकेच की ताप उतरून पुन्हा आला तर जुनी चिठ्ठी दाखवून त्याच गोळ्या घेऊ नका. ताप किती दिवस होता, मधे किती दिवस नव्हता, अंगावर गोचीड सापडला होता का, कपड्यांत उवा आहेत का आणि अलीकडे कुठे मुक्काम झाला, हे डॉक्टरांना न विचारताही सांगा. निदानाची अर्धी माहिती रुग्णाजवळच असते.